गाढवावरून पडलेला माणूस: ‘ओनोस’ या प्राचीन ग्रीक शब्दाची गोष्ट

अथेन्सच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पोराला घोड्यांचं वेड. ते पुरवता पुरवता बाप कर्जात बुडालेला. एक सावकार वसुलीला दारात येतो तोच कण्हत. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतो, घोडे हाकत होतो, रथातून पडलो. त्यावर म्हातारा फटकारतो, “मग गाढवावरून पडल्यासारखा काय बरळतोयस?”

हा प्रसंग अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘मेघ’ या विनोदी नाटकातला. नाटक इ.स.पू. ४२३ मध्ये अथेन्समध्ये पहिल्यांदा झालं. आज आपल्या हाती आहे ती नाटककाराने नंतर सुधारलेली संहिता. मराठीत हा टोला ठीकठाक वाटतो, पण त्यात हसण्यासारखं फारसं काही नाही. ग्रीकमध्ये मात्र त्या चार शब्दांत दोन वाक्यं लपलेली आहेत. ती उकलायची तर गाढवाच्या ग्रीक शब्दाचं सगळं व्याकरण हाताखालून जातं. म्हणूनच कोणी विचारलं की ग्रीकची सुरुवात कुठून करू, तर मी या गाढवापासून कर म्हणतो.

शब्द आहे ‘ओनोस’. ‘गाढवावरून’ म्हणायला ग्रीक माणूस ‘अपो’ (पासून, वरून) हे अव्यय लावतो आणि पुढे ‘ओनोस’चं षष्ठीचं रूप ‘ओनू’ ठेवतो. ‘अपो’च्या शेवटी स्वर आणि ‘ओनू’च्या सुरुवातीलाही स्वर. संस्कृतमध्ये असे दोन स्वर भेटले की बहुधा एकमेकांत मिसळतात. ग्रीकमध्ये अशा ठिकाणी पहिला स्वर सरळ गळून पडतो. म्हणून ‘अप् ओनू’. आता हे भरभर म्हणून पाहा: अपोनू. आणि ग्रीकमध्ये ‘नूस’ म्हणजे बुद्धी, अक्कल; त्याची षष्ठी ‘नू’. तेव्हा ‘अपो नू’ म्हणजे ‘अकलेवरून’. म्हातारा म्हणतो ‘गाढवावरून पडलेला’, कानाला ऐकू येतं ‘अकलेवरून घसरलेला’.

आपल्याला हा प्रकार अगदी ओळखीचा आहे. शाळेत श्लेष शिकवताना दमयंतीचं एक वाक्य हमखास यायचं: ‘औषध नलगे मजला’. आई ऐकते ‘न लगे’, म्हणजे औषध नको. दमयंती म्हणत असते ‘नल गे’, म्हणजे नळराजा हेच माझं औषध, गे आई. शब्द कुठे तोडायचा यावर अर्थ फिरतो, म्हणून याला सभंग श्लेष म्हणतात. अ‍ॅरिस्टोफेनिसचा विनोद नेमका त्याच जातीचा आहे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नसत. अल्फा, पी, ओमिक्रॉन, न्यू, ओमिक्रॉन, उप्सिलॉन, ही सहाच्या सहा अक्षरं दोन्ही वाचनांत जशीच्या तशी राहतात. वाचणाऱ्याने कुऱ्हाड कुठे घालायची ते ठरवायचं.

एक बारीक फरक मात्र राहतो, आणि तो मला फार आवडतो. प्राचीन ग्रीकमध्ये वेदमंत्रांसारखा सूर होता. शब्दातल्या एका स्वरावर आवाज चढायचा, आपल्याकडच्या उदात्तासारखा. ‘ओनू’मध्ये तो चढ पहिल्या ‘ओ’वर आहे. ‘नू’मध्ये तो एकाच दीर्घ स्वरावर चढून लगेच उतरतो. म्हणजे अक्षरं तीच, चाल वेगळी. अथेन्सच्या प्रेक्षकांचे कान अशा फरकाला किती तिखट होते याचा एक पुरावा आहे. इ.स.पू. ४०८ मध्ये युरिपिडीसच्या एका शोकांतिकेत हेगेलोखोस नावाच्या नटाला म्हणायचं होतं, ‘मला शांत समुद्र दिसतो’. त्याचा सूर जरा चुकला आणि लोकांनी ऐकलं, ‘मला मुंगसासारखा प्राणी दिसतो’. दोन शब्दांत फरक एवढ्या सुराचाच होता. तीन वर्षांनी अ‍ॅरिस्टोफेनिसने दुसऱ्या एका नाटकात त्या बिचाऱ्याची आठवण काढून पुन्हा हशा घेतला. तेव्हा ‘अपोनू’चा सूर पूर्ण जुळत नाही हे त्याला नक्की कळत होतं. जवळून जाणारा श्लेष त्याला पुरेसा वाटला. शिवाय ‘गाढवावरून पडणं’ ही म्हणच होती. प्लेटोही तिला म्हण म्हणूनच वापरतो, आणि तो तर मध्ये ‘एका कुठल्याशा’ असा शब्द घालून श्लेषाची जागाच बुजवतो.

आता रूपं चालवू. ज्यांनी शाळेत ‘रामः रामौ रामाः’ पाठ केलं त्यांना ग्रीक गाढव अनोळखी वाटणार नाही. रामाऐवजी संस्कृतमधलं गाढवच घेऊ: खर. मूळचा स् धरला तर ‘खरस्’ आणि ‘ओनोस’ शेजारी ठेवता येतात. द्वितीया ‘खरम्’, तर ग्रीक ‘ओनोन’. ग्रीकला शब्दाच्या शेवटी म् चालत नाही, तिथे न् येतो. हाक मारायची तर संस्कृतमध्ये प्रत्यय टाकून नुसतं ‘खर’, ग्रीकमध्ये ‘ओने’. षष्ठी बहुवचन ‘खराणाम्’मधल्या शेवटच्या ‘आम्’ला ग्रीकमध्ये दीर्घ ‘ओन’ उत्तर देतो. षष्ठी एकवचन मात्र लांबचं दिसतं: ‘खरस्य’ कुठे आणि ‘ओनू’ कुठे! पण होमरच्या जुन्या बोलीत अशा शब्दांची षष्ठी ‘-ओइओ’ अशीही होते, आणि हा ‘-ओइओ’ व आपला ‘-अस्य’ एकाच जुन्या प्रत्ययाची दोन रूपं आहेत. दोन स्वरांमधला स् ग्रीक उच्चारात विरून गेला आणि पुढे उरलेले स्वर एकमेकांत मिसळले, एवढंच.

इथे ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावं लागतं. आपल्या ‘ओ’ला एकच लांबी आहे, ग्रीकमध्ये आखूड ओ (ओमिक्रॉन) आणि लांब ओ (ओमेगा) ही दोन वेगळी अक्षरं. ‘ओनोन’मधला दुसरा ओ आखूड म्हटला तर एक गाढव, कर्म म्हणून. तोच लांबवला तर ‘गाढवांचा’. पहिला ओ लांबवला तर गाढवच नाहीसं होतं: दीर्घ ओ असलेला ‘ओनोस’ म्हणजे किंमत, मोल. संस्कृतमध्ये त्याचा सख्खा भाऊ ‘वस्न’ आहे, मोल याच अर्थाचा. मराठी माणूस ग्रीक शिकताना सर्वांत जास्त इथे अडखळतो, कारण कान तयार नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक आपण जसा डोळ्यांनी जपतो, तसा हा कानांनी जपायचा.

संस्कृतच्या आठ विभक्त्यांचं काम ग्रीक पाचांत भागवते. पंचमी षष्ठीत विरघळली, तृतीया आणि सप्तमी चतुर्थीत. म्हणून ‘गाढवावरून’ म्हणताना, जिथे संस्कृत पंचमी लावेल, तिथे ग्रीकमध्ये षष्ठीचं ‘ओनू’ आलं. रूप षष्ठीचं, काम पंचमीचं. हे एकदा लक्षात आलं की ग्रीक अव्ययांची निम्मी कटकट मिटते.

लिंगाची गंमत याहून मोठी. मराठीत ‘ते गाढव’ नपुंसक, मादी दाखवायची तर गाढवी किंवा गाढवीण. ग्रीकमध्ये शब्दाचं शेपूट बदलतच नाही. नर असेल तर ‘हो ओनोस’, मादी असेल तर ‘हे ओनोस’ (हा ‘हे’ दीर्घ). हे ‘हो’ आणि ‘हे’ म्हणजे ग्रीकचे शब्दाआधी लागणारे दर्शक शब्द, आणि तेही आपल्या घरातलेच: संस्कृत ‘स’ आणि ‘सा’. शब्दारंभीच्या स्वराआधीचा स् ग्रीकमध्ये ह् होतो. सप्तचं ‘हेप्ता’ झालं तसं. म्हणजे ‘ओनोस’ला पुल्लिंगी रूप असूनही तो खुशाल स्त्रीलिंगी होतो. वाक्यात ‘हो’-‘हे’ नसेल तर विशेषणाकडे बघायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना गावात पाठवतो आणि म्हणतो, तिथे बांधलेली गाढवी आणि तिच्याबरोबर शिंगरू सापडेल. ग्रीक मजकुरात ‘ओनोन’ हे रूप नर-मादी दोघांना तेच. पुढचा ‘बांधलेली’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, ‘तिच्याबरोबर’मधलं सर्वनामही. तिथे कळतं की ही गाढवी. मराठी भाषांतरकाराला ‘गाढवी’ हा शब्द मिळाला तो त्या विशेषणाच्या शेपटीतून.

‘हिप्पोस’ म्हणजे घोडा, तोही असाच दुहेरी. ‘हो हिप्पोस’ घोडा, ‘हे हिप्पोस’ घोडी. पण स्त्रीलिंगी एकवचनाला आणखी एक अर्थ आहे: घोडदळ. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, पर्शियाचा राजा दरायस शकांच्या मुलखावर चालून गेला तेव्हा त्याच्या छावणीत गाढवं होती. शकांच्या थंड प्रदेशात गाढव नव्हतं आणि खेचरही नव्हतं, त्यामुळे शकांच्या घोड्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. गाढवं ओरडू लागली की चाल करून आलेले घोडे बिथरून कान टवकारत आणि मागे वळत. त्या वाक्यात गाढवं ‘ओनोइ’, पुल्लिंगी अनेकवचन. आणि ती ज्याला बिथरवतात ते स्त्रीलिंगी एकवचन, शकांचं घोडदळ. लिंगाचा नियम माहीत नसेल तर वाचक समजेल की बिचारी एकच घोडी घाबरली.

घोडा आणि गाढव शेजारी आलेच आहेत, तर त्यांच्या कुळाबद्दल. संस्कृत अश्व, लॅटिन एक्वुस, ग्रीक हिप्पोस हे तिन्ही एकाच पूर्वज शब्दाची लेकरं आहेत. पण खर, गर्दभ, रासभ यांपैकी एकही शब्द ‘ओनोस’शी जुळत नाही. आपलं ‘गाढव’ गर्दभापासून प्राकृतमार्गे आलं. हा फरक उगाच नाही. या भाषांचे पूर्वज जिथे राहत तिथे घोडा होता. गाढव मूळचं आफ्रिकेचं. तिथे ते सुमारे ७००० वर्षांपूर्वी माणसाळलं आणि पश्चिम आशियातून पुढे पसरलं. ज्या प्राण्याची ओळख नाही त्याला वडिलोपार्जित शब्द कुठून असणार? प्राणी आला तेव्हा शब्दही सोबत आला. ‘ओनोस’ आणि लॅटिन ‘असिनुस’ हे दोन्ही बहुधा पश्चिम आशियातल्या कुठल्या तरी भाषेतून उसने घेतलेले आहेत. सुमेरी भाषेत गाढवाला ‘अन्शे’ म्हणत, त्यामुळे अभ्यासकांची नजर तिकडे जाते.

इथे एक फसवी वाट आहे. लॅटिनमध्ये ‘ओनुस’ म्हणजे ओझं. गाढव ओझं वाहतं, तेव्हा ओनोस आणि ओनुस एकच असणार, असं कोणालाही वाटेल. तसं नाही. लॅटिन ओनुसचा भाऊबंद संस्कृतमध्ये आहे: अनस्, म्हणजे गाडा. गाडा ओढणारा म्हणून बैलाला ‘अनडुह्’ म्हणतात, त्यातला हा अनस्. म्हणजे ओझ्याचा शब्द बैलगाडीच्या घरातला निघाला आणि गाढव परकंच राहिलं. असाच मोह आधुनिक ग्रीकमधला ‘गाइदारोस’ हा गाढवाचा शब्द ऐकून होतो. ‘गाढव’च्या किती जवळचा वाटतो! नुसत्या आवाजावरून नातं जोडायचं नाही, हा नियम अशा वेळीच पाळायचा असतो.

उसना असला तरी ‘ओनोस’ ग्रीकमध्ये फार जुना आहे. क्रीट बेटावर क्नोसोसच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवरची लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली आणि आतली भाषा ग्रीकच निघाली. त्यांतल्या एका पाटीवर जनावरांची नोंद आहे: ‘इ-क्वो’, ‘ओ-नो’, ‘पो-रो’. घोडे, गाढवं, शिंगरं. ती लिपी शेवटचा स् लिहीत नाही आणि र-ल वेगळे दाखवत नाही, म्हणून ‘ओनोस’ला ओ-नो आणि ‘पोलोस’ला पो-रो. ‘इ-क्वो’ तर लॅटिन एक्वुसला अगदी चिकटून आहे. पाटी तीन हजार वर्षांहून जुनी. आणि मत्तयाच्या त्या वाक्यात गाढवीसोबत जे शिंगरू येतं, त्यासाठीही ‘पोलोस’ हाच शब्द आहे. राजवाड्याच्या कारकुनाने एका पाटीवर मांडलेली ती जोडी हजाराहून अधिक वर्षांनी शुभवर्तमानात पुन्हा एकत्र उभी दिसते.

होमरच्या महाकाव्यांत सुटा ‘ओनोस’ फक्त एकदा येतो, इलियडच्या अकराव्या सर्गात. ग्रीकांचा धिप्पाड योद्धा अजॅक्स ट्रॉयच्या सैन्यापुढून माघार घेतोय, पण पाऊल पाऊल लढत. होमर म्हणतो, जसं एखादं मठ्ठ गाढव पोरांना न जुमानता शेतात घुसतं, त्याच्या पाठीवर किती तरी काठ्या मोडलेल्या असतात, तरी ते उभं पीक खात राहतं. पोरं बडवतात, पण त्यांचा जोर तो किती. पोट भरल्यावरच ते मोठ्या मुश्किलीने बाहेर निघतं. ट्रोजन भाले मारत होते आणि अजॅक्स तसा हटत होता. ‘गाढवासारखा’ हे मराठीत स्तुती म्हणून ऐकवणं अशक्य आहे. होमरने ते एका वीराला लावलं आणि तो वीर लहान झाला नाही. मार खाऊनही जागा न सोडण्याची ताकद त्याने गाढवात पाहिली. माझ्या मते गाढवाला इतका मान दुसऱ्या कुठल्या ग्रीक ओळीत मिळाला नसेल.

पुढे अथेन्सच्या बोलण्यात गाढव आपल्यासारखंच बदनाम झालं. ‘ओनोस ल्युरास आकूओन’, लायर (एक तंतुवाद्य) ऐकणारं गाढव. आपण म्हणतो, गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. या ग्रीक म्हणीत ‘लायर’ षष्ठीत आहे, कारण ग्रीकमध्ये ज्याचा आवाज ऐकायचा त्याला षष्ठी लागते. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘आईचं ऐक’ असंच तर आपण म्हणतो.

अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या नाटकात देवाची पथारी वाहून कंटाळलेला नोकर म्हणतो, ‘मी आपला मिस्टरीज वाहणारा गाढव’. मिस्टरीज म्हणजे अथेन्सजवळच्या एलेउसिसचे गुप्त विधी; त्यांचं सामान गाढवांच्या पाठीवरून जात असे. विधीचं पुण्य माणसांना, ओझं गाढवाला. सुश्रुतसंहितेतलं वचन इथे आठवतं: यथा खरश्चन्दनभारवाही भारस्य वेत्ता न तु चन्दनस्य. चंदन वाहणाऱ्या गाढवाला ओझं कळतं, चंदन नाही. याच नाटकात ‘गाढवाची लोकर’ अशा नावाचं ठिकाणही आहे. आपल्या सशाच्या शिंगासारखी ती नसलेली वस्तू.

पण मला सर्वांत व्याकरणमय वाटते ती ‘पेरि ओनू स्कियास’, गाढवाच्या सावलीविषयी. म्हणजे क्षुल्लक गोष्टीवरून वाद. डेमोस्थेनिस या वक्त्याच्या नावावर एक गोष्ट सांगतात. सभा त्याला बोलू देईना, तेव्हा तो म्हणाला, एक छोटी गोष्ट ऐका. एका तरुणाने अथेन्सहून मेगाराला जायला गाढव भाड्याने घेतलं. दुपारी ऊन तापलं. तरुण गाढवाच्या सावलीत बसू लागला, तर मालक म्हणाला, मी गाढव भाड्याने दिलंय, सावली नाही. तरुण म्हणाला, गाढव घेतलं म्हणजे सावली आलीच. एवढं सांगून डेमोस्थेनिस निघाला. लोक ओरडले, पुढे काय झालं? तो म्हणाला, गाढवाच्या सावलीबद्दल ऐकायचंय, आणि कामाचं बोलतो तेव्हा ऐकवत नाही! त्या तीन शब्दांत दोन षष्ठ्या लागोपाठ आहेत आणि दोघींची कामं वेगळी. ‘स्कियास’ षष्ठीत आहे ते ‘पेरि’ (विषयी) या अव्ययामुळे. ‘ओनू’ षष्ठीत आहे ते सावली गाढवाची म्हणून. मराठीतही ‘गाढवाच्या सावलीविषयी’ म्हणताना ‘च्या’ हे नातं दाखवतो आणि ‘सावली’ सामान्यरूपात जाते ती ‘विषयी’मुळे. वळण तेच. ही म्हण आजच्या ग्रीसमध्येही वापरतात, रोजच्या बोलण्यातला गाढवाचा शब्द बदलून गेला तरी.

शब्दाची पिलावळ मोठी आहे. ‘हेमि’ म्हणजे अर्धा, लॅटिन सेमि आणि संस्कृत सामि यांचा भाऊ. म्हणून ‘हेमिओनोस’ अर्धं गाढव, म्हणजे खेचर. ‘ओनारिओन’ लहानसं गाढव; योहानाच्या शुभवर्तमानात येशू बसतो ते हे. ‘ओनिकोस’ म्हणजे गाढवाचा. जात्याची जी मोठी तळी गाढव फिरवत असे तिला शुभवर्तमानात हे विशेषण आहे. गाढवाला आणखी एक शब्द होता, ‘ह्युपोझ्युगिओन’. ह्युपो म्हणजे उप, झ्युगोन म्हणजे युग, आपलं बैलांच्या मानेवरचं जू. जुवाखालचं जनावर. अर्थाने कुठलंही ओढकाम करणारं जनावर, पण इजिप्तमधल्या ग्रीकमध्ये नुसतं गाढव.

‘ओनाग्रोस’ रानगाढव, ‘आग्रोस’ म्हणजे शेत, रान, संस्कृत ‘अज्र’. आणि रानगाढवावरून आपल्या शेजारी येता येतं. गुजरातमध्ये कच्छच्या छोट्या रणात जी रानगाढवं आहेत त्यांचं शास्त्रीय नाव ‘इक्वुस हेमिओनुस खुर’. पहिला शब्द लॅटिन घोडा, दुसरा ग्रीक अर्धगाढव, तिसरा आपल्या ‘खर’च्या घरातला. तिथल्या लोकांचा शब्द घुडखर. एका प्राण्याच्या नावात तीन भाषांनी मिळून घोडा आणि गाढव दोन्ही म्हणून घेतलं.

भारताची गाढवं ग्रीकांच्या पुस्तकांत आणखी एका वेषात दिसतात. पर्शियाच्या दरबारात वैद्य असलेल्या क्टीसियसने इ.स.पू. ४०० च्या सुमारास भारताविषयी ऐकीव माहिती लिहिली. त्यात भारतातली रानगाढवं घोड्याएवढी किंवा मोठी, अंगाने पांढरी, डोकं गडद तांबडं, आणि कपाळावर एक शिंग. त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही. अ‍ॅरिस्टॉटलनेही ‘भारतीय ओनोस’ हा एक शिंग आणि अखंड खूर असलेला प्राणी म्हणून नोंदवला. यामागे गेंड्याच्या कहाण्या असाव्यात असं बहुतेक अभ्यासक मानतात. युरोपच्या चित्रांतला तो शुभ्र एकशिंगी घोडा जन्माला आला तेव्हा भारतातलं गाढव होता.

अवजारांनाही गाढवाचं नाव मिळालं, आपण बंदुकीच्या खटक्याला ‘घोडा’ म्हणतो तसं. पर्शियाचा राजा झर्क्सिस याने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर बोटींचा पूल बांधला तेव्हा दोर पीळ देऊन ताणले ते ‘लाकडी गाढवांनी’, असं हिरोडोटस लिहितो. म्हणजे दोर गुंडाळायच्या रहाटांनी. झेनोफोन हा ग्रीक लेखक युफ्रेटिस नदीकाठी ‘दळणारी गाढवं’ खणून काढणारे लोक पाहतो. ते जात्याचे दगड काढून बॅबिलोनला विकत. चित्रकाराचं ‘ईझल’ आपण इंग्रजीतून घेतलं, पण ते मूळचं डच गाढव आहे, लॅटिन असिनुसच्या वंशातलं. चेंडूच्या खेळात ज्याचा चेंडू चुकला तो ‘ओनोस’ होऊन खाली बसायचा, आणि न चुकणारा राजा. हे प्लेटोने लिहून ठेवलंय.

आणि दोन गाढवं आकाशात आहेत. कर्क राशीतले दोन मंद तारे म्हणजे ‘ओनोइ’, त्यांच्या मधला धूसर तारकापुंज म्हणजे ‘फात्ने’, गव्हाण. ग्रीक कथेत देव राक्षसांशी लढायला गाढवांवर बसून गेले आणि गाढवांच्या ओरडण्याने राक्षस पळाले, शकांच्या घोड्यांसारखेच. ही जागा आपल्या ओळखीची आहे: पुष्य नक्षत्र इथेच. सूर्य पुष्यात असतो तेव्हा जुलैच्या शेवटी पडणाऱ्या पावसाला आपल्याकडे म्हातारा पाऊस म्हणतात, आणि पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना दरवर्षी जी वाहनं देतात त्यांत एक गाढवही असतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला कवी अराटस याच ताऱ्यांवरून हवामान सांगतो: आभाळ निरभ्र असून गव्हाण एकाएकी दिसेनाशी झाली आणि दोन्ही गाढवं जवळ जवळ वाटू लागली, की मोठं वादळ येणार.

त्या ओळींत व्याकरणाची एक शेवटची गोष्ट आहे. ग्रीकमध्ये संस्कृतसारखं द्विवचन होतं. ‘खरौ’ला ग्रीक उत्तर ‘ओनो’, शेवटचा ओ लांब. वेदांत ‘अश्विना’सारखी जी द्विवचनं येतात त्यांच्या शेवटच्या ‘आ’चा तो भाऊ. अराटसपुढे तारे दोनच आहेत, तो ‘दोन’ असं म्हणतोही. तरी नाव सांगताना तो ‘ओनोइ’ म्हणतो, अनेकवचन. तोवर रोजच्या ग्रीकमधून द्विवचन जवळजवळ गेलं होतं, जसं आपल्याकडे प्राकृतात गेलं आणि मराठीपर्यंत पोचलंच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाबाहेर, दिव्यांपासून दूर, रात्री नऊच्या सुमारास वर पाहिलं तर मिथुन आणि सिंह यांच्या मध्ये तो धूसर ठिपका दिसतो. त्याच्या दोन बाजूंना ती दोन गाढवं.